इंग्रजीची सावड

लहानपणापासून मी फार कमी बोलत असे, आणि कमी बोलणाऱ्या माणसासमोर लोक जरा सैलच बोलतात. त्यांना वाटतं, हिच्या डोक्यात काही शिरत नाही. आईला मात्र माझं हे पुरतं ठाऊक होतं. घरात कुणी काही लपवतंय असा संशय आला, की ती मला चुलीपाशी बोलवायची, पुढ्यात लसणाचे गड्डे टाकायची आणि माझ्याकडं न बघता विचारायची, "कमे, काय बघितलंस?" मग मी सांगायची. चुलती कणगीतलं भात गुपचूप माहेरी धाडते, हे मीच सांगितलं होतं. माझे वडील, आबा, दवाखान्यात जातो म्हणून सांगतात आणि तमाशाच्या तंबूकडं वळतात, हेही. चौथीनंतर माझी शाळा सुटली. वाचायची गोडी राहिली, पुडीचा कागद आला तरी मी तो हातानं सरळ करून वाचायची, पण माणसांची तोंडं वाचण्यात मला जास्त गती होती. घरातले सगळे मला मुकी म्हणायचे आणि मुकीला घाबरायचेही.

टाकवे बुद्रुकला आमचं घर रस्त्याच्या वरच्या अंगाला होतं. पुढं पडवी, मग माजघर, मागं गोठा. वारा कान्हे स्टेशनाकडून आला की आगगाडीची शिटी ऐकू यायची, नाहीतर दिवसभर म्हशींच्या साखळ्यांचा आणि कौलांवरच्या चिमण्यांचा आवाज. जेवायला तांदळाची भाकरी, पावसाळ्यात ओढ्यातल्या खेकड्यांचा रस्सा, आणि घरचा आंबेमोहर शिजला की त्याचा वास रस्त्यापर्यंत जायचा. सगळं एका चुलीवर. आई या एका चुलीला फार जपायची, कारण तिनं दुसरी चूल पेटलेली बघितली होती. माझे चुलते वेगळे झाले तेव्हा खाचरांचे तुकडे झाले, विहिरीच्या पाळ्या लागल्या, आणि दोन भाऊ एकमेकांच्या दारावरून मान खाली घालून जाऊ लागले. तेव्हापासून दादाचं लग्न ठरेपर्यंत आई एकच गोष्ट म्हणत आली होती, "माझ्या घरात तसं व्हायचं न्हाई."

आणि मग तळेगावची वहिनी घरात आली. आईच्या संशयाला मोठंच काम मिळालं.

वहिनीचं नाव निर्मला. बी.ए. झालेली. तिच्या ट्रंकेत साड्या थोड्या आणि पुस्तकं जास्त होती. कामाला नावं ठेवावीत असं तिच्यात काही नव्हतं, भाकरी जरा जाड थापायची एवढंच. पण थापताना तिचे ओठ हलायचे. म्हैस पिळताना हलायचे, धुणं आपटताना हलायचे. आईनं मला लसूण सोलायला बसवलं. "कमे, ती काय पुटपुटती? कुनाच्या नावानं काय म्हनती का?" मी पाणी भरायच्या निमित्तानं वहिनीच्या मागं जाऊन कान दिला आणि येऊन सांगितलं, "इंग्रजी बोलती."

"भाकरी थापताना?"

"व्हय."

"कुनाशी?"

शेवटी आईनं तिलाच विचारलं. वहिनी घाबरली नाही. म्हणाली, "आत्या, मला मास्तरीण व्हायचंय. व्याकरण सगळं पाठ आहे माझं, लिहायला दिलं तर पानभर बिनचूक लिहीन. पण बोलायला तोंड उघडलं की दातखीळ बसते. आधी मनात मराठीत जुळवते, मग ते उलटं करते, मग नियमात बसतंय का बघते. तोवर समोरचा माणूस उठून गेलेला असतो." आईला यातलं काही पटलं नाही, पण जवळच्या शाळेत नोकरी लागली तर सून घरातूनच ये-जा करील, हा विचार तिला बरा वाटला असावा. ती म्हणाली, "मग बोल. पन मोठ्यांदा बोल. पुटपुटू नको, लोकं काय बी समजत्यात."

मोठ्यानं बोलायचं तर ऐकायला कुणीतरी हवं. गावात इंग्रजी बोलू शकेल असं माणूस म्हणजे बौद्धवस्तीतली सुनंदा. ती लोणावळ्याच्या कॉलेजात जायची, कान्ह्याहून गाडीनं. उंच, सावळी, चालताना मागं बघायची नाही. एसटीत दोघींची ओळख झाली होती आणि दोघींचं दुखणं एकच निघालं. सुनंदालाही पुस्तकातलं अवघड अवघड इंग्रजी यायचं, पण चार माणसांत बोलायची वेळ आली की ती गप्प. वहिनी घरी येऊन म्हणाली, "आत्या, मी आणि सुनंदा सावड करणार आहोत. एक दिवस ती आपल्या पडवीत येईल, एक दिवस मी तिच्याकडं जाईन. तासभर मराठीचा एक शब्द बोलायचा नाही."

सावड म्हणजे काय हे मावळातल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण आता माझ्या नातवंडांना सांगावं लागतं म्हणून लिहिते. भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, आज तुमची माणसं माझ्या खाचरात वाकतात, उद्या माझी तुमच्या. मजुरी नाही. माणसाला माणूस आणि दिवसाला दिवस. आणि सावड बरोबरीच्या घरांत होते. बौद्धवस्तीतल्या बायका आमच्या आवणीला यायच्या त्या मजुरीनं, सावडीनं नाही. वहिनीला हे ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. मला अजून वाटतं, ठाऊक होतं.

आईचा हात सुपावर थांबला. "त्यांच्यासंगं सावड?"

पडवीतून आबा म्हणाले, "बोलन्याची हाय, खाचराची न्हाई. बोलू दे की."

आईनं मान हलवली. मग मला म्हणाली, "तू जात जा हिच्यासंगं. बसून ऱ्हा. काय बोलत्यात ते मला सांग. आन् तितं पानी पिऊ नको."

मला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. आईला ते ठाऊक होतं आणि तरी तिला त्यात काही अडचण दिसली नाही.

सुनंदाचं घर वस्तीच्या टोकाला, दोन खोल्यांचं, शेणानं सारवलेलं, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. तिच्या आईचं नाव राधाबाई, मी राधामावशी म्हणायची. पहिल्या दिवशी राधामावशीनं माझ्याकडं असं बघितलं की मला माझ्या आईचीच आठवण झाली. तेच बारीक केलेले डोळे. गुळाचा कोरा चहा माझ्यापुढं ठेवून तिनं विचारलं, "तुज्या आईनं तुला कशापायी धाडलंय गं? ह्या दोघी शिकत्यात. तू काय करतीस?"

मी म्हटलं, "बसते."

"बसते," ती म्हणाली. "आमच्या बांधाचं काय मनात न्हाई ना तुज्या आबाच्या? मोजायला तर न्हाई आलीस?"

"आये, गप की," सुनंदा आतून ओरडली.

"मी का गप? आजवर ह्यांच्या घरचं कुनी आलं न्हाई आन् आता एकदम दोघी दोघी!"

मी चहा प्यायले. गरम होता, जीभ पोळली, पण बोलावं लागू नये म्हणून पीत राहिले. राधामावशी माझ्या कपाकडं बघत होती, मी तो संपवते की ठेवते ते. संपवल्यावर तिनं कप उचलून नेला. घरी आईनं विचारलं, "पानी पिलीस का?" मी म्हटलं, "न्हाई." पाणी नव्हतंच ते.

दोघींच्या सरावाचे प्रकार बघण्यासारखे होते. कधी एक जण घरातली एखादी वस्तू मनात धरायची आणि तिचं नाव न घेता तिच्याबद्दल बोलत राहायची, दुसरीनं ती ओळखायची. हातवारे करायचे नाहीत, असा नियम. पण माणसाचे हात ऐकत नाहीत. वहिनी मांडीखाली हात दाबून बसायची आणि तरी मला कळायचं की ती जात्याबद्दल बोलतेय, कारण तिचा खांदा फिरायचा. कधी एक जण मुलाखत घेणारा साहेब व्हायची आणि दुसरीला प्रश्न विचारायची. कधी त्या रागाचे शब्द घ्यायच्या. पुस्तकात एकाच रागाचे दहा-बारा शब्द होते म्हणे, आणि कुठला कुठं वापरायचा यावर दोघी भांडायच्या. मग एक जण तो राग करून दाखवायची. एकदा सुनंदा वैतागून मराठीत आली, "अगं, चिडनं आन् ह्यो राग येगळा. ह्यो आत ऱ्हातो, भायेर येत न्हाई." मी कोपऱ्यातून म्हटलं, "धुसफुस." दोघी माझ्याकडं वळल्या. "आन् बोलनं टाकतात तो?" सुनंदानं विचारलं. "फुगनं. पन ते आपल्याच मानसावर. परक्यावर कोन फुगतं?" वहिनी खूप हसली. म्हणाली, "वन्सं, तुम्हीच शिकवा आता आम्हाला." मला लाज वाटली आणि बरंही वाटलं, आणि लगेच संशयही आला, की ही मला हसून आपल्या बाजूला ओढत तर नाही ना.

कारण तिच्याबद्दलचा माझा भरवसा आधीच डळमळला होता. दोघींच्या सरावाचा आणखी एक प्रकार होता. एक विषय घ्यायचा, एकीनं त्याच्या बाजूनं भांडायचं आणि दुसरीनं विरुद्ध. मग दुसऱ्या दिवशी बाजू बदलायच्या. काल ज्या गोष्टीसाठी वहिनी मान ताठ करून, डोळे मोठे करून बोलत होती, तिच्याच विरुद्ध आज तेवढ्याच जोरानं बोलायची. तोंड तेच. मी विचार करायची, जिला असं बोलता येतं ती घरात "हो आत्या" म्हणते तेव्हा खरी कुठल्या बाजूची असते? मी तिच्या तोंडाकडं फार लक्ष देऊन बघू लागले. आणि मला एक सापडलं. सरावात बोलताना शब्द शोधायला तिची नजर वर आढ्याला जायची. प्रत्येक वेळी. पण मधूनच, सराव थांबल्यावर, दोघी आवाज खाली करून इंग्रजीतच काहीतरी बोलायच्या, आणि तेव्हा तिची नजर आढ्याला जात नसे.

आता माझी नात फोनशी इंग्रजी बोलते. लोणावळ्याच्या आमच्या घरात ती गॅलरीत उभी राहते आणि फोनमधली बाई तिला प्रश्न विचारते, उत्तर दिलं की शाबास म्हणते. मी ऐकते. चुकलं तरी शाबास, बरोबर आलं तरी शाबास. मला ती बाई काही पटत नाही. जिला स्वतःला तोंड नाही तिला समोरच्याच्या तोंडावरचं काय कळणार? नातीला मी असं म्हटलं की ती म्हणते, "आजी, तू प्रत्येकावर डाऊट घेतेस." घेते खरी. सवय जात नाही.

तर, आईनं एके दिवशी लसूण पुढं टाकला आणि म्हणाली, "इंग्रजी तुला कळत न्हाई, ठीक हाय. पन मानसांची नावं तर इंग्रजीत बदलत न्हाईत ना? कुनाची नावं घेत्यात?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे, आलं होतं, पण मी ते बाजूला ठेवलं होतं. त्या खालच्या आवाजातल्या बोलण्यात मला तीन नावं पुन्हा पुन्हा ऐकू आली होती. दत्ता, म्हणजे कारखान्यात कामाला जाणारा माझा दादा. आत्या. आणि लोणावळा.

"लोणावळ्याचं नाव घेत्यात," मी म्हटलं.

"लोणावळ्यात काय हाय?"

"सुनंदाचं कॉलेज हाय की."

आईनं त्या दिवशी रश्श्यात मीठ दोनदा टाकलं.

पावसाळा चांगला धरला होता, आवण्या उरकल्या होत्या. एका रविवारी दादा आणि वहिनी लोणावळ्याजवळ भुशीला धरण बघायला जातो म्हणून सकाळीच गेले. संध्याकाळी चिक्कीचा पुडा घेऊन परत आले. दादा उगाच मोठमोठ्यानं सांगत होता, पायऱ्यांवरून पाणी कसं येतं, मुंबईची माणसं कशी लोळतात, मक्याची कणसं कशी महाग. आबा ऐकत होते, आई चिक्की मोडत होती. मी वहिनीची साडी उचलायला माजघरात गेले. भुशीला पावसाळ्यात गेलेलं माणूस कोरडं परत येत नाही, पिशवीतला रुमालसुद्धा पिळून काढावा लागतो. वहिनीच्या साडीच्या निऱ्या तशाच होत्या, इस्त्रीच्या घडीसकट. काठाला नुसता रस्त्यावरचा थोडा चिखल. मी काठ बोटांत धरून उभी होते आणि मागं बघितलं तर वहिनी दारात. तिनं माझ्या बोटांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी साडी दांडीवर टाकली, ओल्यासारखी पसरून, आणि बाहेर आले.

रात्रीच्या जेवणाआधी आईनं विचारलं, "कमे, काय बघितलंस?"

मी म्हटलं, "काय न्हाई."

आईचा हात थांबला. इतक्या वर्षांत मी तिला हे उत्तर कधी दिलं नव्हतं. घरातला दादा एकुलता एक मुलगा. तो गेला तर आई काय करील, चुलत्यांसारखं आमच्याही खाचरांचे तुकडे होतील का, मला दादा दिसेल का, हे सगळं मला दिसत होतं, आणि तरी माझ्या तोंडातून ते निघालं नाही. मी लसूण सोलत राहिले. आईनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "तुला काय दिसलं न्हाई, असं कवा झालंय?"

दुसऱ्याच दिवशी सावड आमच्या पडवीत होती. सुनंदा आली, दोघी बसल्या, मी खांबाला टेकले. इतक्यात आई तांदूळ निवडायचं सूप घेऊन आली आणि दोघींच्या मधोमध बसली. "चालू द्या तुमचं," म्हणाली.

सुनंदा म्हणाली, "मावशी, कंटाळा यील तुमाला. कळायचं न्हाई काय."

"कशाचा कंटाळा? सासूनं जलमभर शिव्या दिल्या, त्या कळत हुत्या तरी ऐकल्या. ह्या तर कळत बी न्हाईत."

सुनंदा हसली. वहिनी हसली नाही. आईनं सुपातला एक खडा काढून बाहेर फेकला. "तुमच्यात एक जन साहेब होतो आन् दुसऱ्याला इचारतो ना? कमल सांगत होती. आज मी साहेब. निर्मला, मी मराठीत इचारनार, तू इंग्रजीत सांगायचं. मराठीत तू मला काय बी पटवून देशील, तू बोलायला लय हुशार. मला ऐकायचंच न्हाई. मी नुसती तोंडाकडं बघनार."

बाहेर पाऊस लागला होता, पागोळ्या दगडावर पडत होत्या. वहिनीनं सुनंदाकडं बघितलं. सुनंदा खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरत होती.

"तू आन् दत्ता ह्या घरात ऱ्हानार हाय का जानार?"

वहिनी सावरून बसली. मग तिनं बोलायला सुरुवात केली. मी तिचं इंग्रजी इतके महिने ऐकत होते, पण असं कधी ऐकलं नव्हतं. ती अडखळत नव्हती. नजर आढ्याला गेली नाही, एकदाही. आवाज अगदी खाली, पण थांबत नव्हता, आईच्या डोळ्यांत बघून ती बोलत होती. दत्ता आलं, लोणावळा आलं, आत्या कितीतरी वेळा आलं. आणि एकदा कमल आलं. माझं नाव त्या भाषेत मी कधी ऐकलं नव्हतं. मी खांब सोडून पुढं सरकले, ही माझ्याबद्दल काय सांगतेय? बोलता बोलता तिचे डोळे भरले, तिनं ते पुसले नाहीत. मग ती थांबली.

आई सुनंदाकडं वळली. "काय म्हनली?"

सुनंदानं मान वर केली. "मावशी, ते मी सांगायचं न्हाई. तिचं तिनं सांगावं."

मला वाटलं, आता आई तिच्यावर भडकणार. पण आईनं मान हलवली, जणू तिला हेच उत्तर हवं होतं. मग ती माझ्याकडं वळली. "कमे. तू सांग."

"मला कुटं इंग्रजी येतंय?"

"मला तरी कुटं येतंय? तोंडावरनं सांग."

मला खोटं बोलता आलं असतं. आईनं विश्वास ठेवला असता, निदान काही दिवस. वहिनी माझ्याकडं बघत होती आणि तिच्या बघण्यात विनवणी नव्हती, भीतीही नव्हती. नुसती वाट बघत होती. मी म्हटलं, "जानार हाय. दादाला घेऊन. पन वाटनी मागून न्हाई जायचं तिला, भांडून बी न्हाई. तुज्या तोंडून 'जा' ऐकायचंय तिला."

इतकं एका दमात मी त्याआधी कधी बोलले नव्हते. पागोळ्यांचा आवाज येत राहिला. वहिनी म्हणाली, "हो आत्या. वन्सं म्हणाल्या तेच."

आई सूप पाखडू लागली. पाखडता पाखडता म्हणाली, "नोकरी लागली?"

"लागली. लोणावळ्याला, मुलांना ठेवून घेतात त्या शाळेत. दिवाळीनंतर. आम्हा दोघांना खोली देतात. यांना तिथूनही गाडीनं कारखान्यात जाता येईल."

"भुशीला गेलता तवा?"

"हो. मुलाखत होती. नक्की होईपर्यंत सांगायचं धाडस झालं नाही, आत्या."

"तरीच चिक्की मऊ निघाली. घाईत घेतली असंल." मग जरा थांबून, "पोरं कुनाची त्या शाळेत?"

"मुंबईच्या मोठ्या लोकांची."

"आईबाप जित्ते हायत ना त्यांचे?"

"हो."

"मग हितं कशापायी ठिवत्यात?"

वहिनी पुढं सरकून आईच्या सुपातले खडे वेचू लागली.

आई त्या दिवशी "जा" म्हणाली नाही. पुढं कितीतरी दिवस म्हणाली नाही. घरात भांडण झालं नाही, पण ताटं जोरानं मांडली जायची. दादा तर घाबरून रात्रपाळीच घेत राहिला. मला वाटायचं, मी बोलले ते चांगलं केलं की वाईट, आणि आईच्या तोंडाकडं बघून ते कळत नव्हतं. तिचं एकटीचं तोंड मला कधीच नीट वाचता आलं नाही.

भातं पोटरीला आली, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या, तेव्हा एका संध्याकाळी आई डोक्यावर पदर घेऊन निघाली आणि मला म्हणाली, "चल." वहिनीलाही हाक मारली. ती थेट बौद्धवस्तीच्या टोकाला गेली आणि सुनंदाच्या अंगणात उभी राहिली. आत गेली नाही, पण आली. राधामावशी दारात आली, हात पिठाचे, डोळे बारीक केलेले. "काय आक्का? आज इकडं?"

"तुमच्या सुनंदाची पुण्याला नोकरीची मुलाखत हाय म्हनं," आई म्हणाली.

"हाय. दिवाळी झाल्यावर."

"आमची सून दिवाळीनंतर चालली. तिचं काम तुमच्या पोरीनं करून दिलं. आता हिची पाळी, तर ही न्हाई."

वहिनी म्हणाली, "आत्या, मी रविवारी येत जाईन की."

"सावड अशी रविवारची नसती," आई तिच्याकडं न बघता म्हणाली. "आवनीला घरातलं मानूस आजारी पडलं तर दुसरं जातं. ही कमल यील रोज. तितंच बसंल, सुनंदाचं ऐकंल."

सुनंदाला हसू आवरेना. "मावशी, पन कमलला इंग्रजी येत न्हाई!"

"त्या दिवशी बरं आलं."

राधामावशी मात्र हसली नाही. ती आईकडं टक लावून बघत होती. "सावड म्हनता व्हय तुमी, आक्का?"

"मग दुसरं काय म्हनू?" आई म्हणाली. "आमच्या घरानं आजवर कुनाची सावड फेडायची ठिवलेली न्हाई." मग पाठ फिरवून चालू लागली आणि रस्त्यात वहिनीला म्हणाली, "दिवाळीचा फराळ झाल्याबिगर जायचं न्हाई." हेच तिचं "जा" होतं. वहिनी तिथंच थांबून डोळे पुसत राहिली आणि आई ओरडली, "आता चल की, म्हशी पिळायच्यात."

वाटणी झाली नाही. वहिनी रविवारी यायची, आणि आई कितीतरी वर्षं तिची पिशवी उघडून बघायची, काय आणलं आणि काय नेते ते. वहिनी पिशवी आपणहून तिच्यापुढं ठेवायची.

मी रोज संध्याकाळी सुनंदाकडं जाऊ लागले. भातं झोडायचे दिवस होते, वस्तीभर नव्या पेंढ्याचा वास असायचा. सुनंदानं मला लोखंडी खुर्चीवर बसवलं, ती समोर उभी राहिली. "तू साहेब. तुला बोलायचं न्हाई, नुसतं बघायचं. जिथं मी थापा मारतीय असं वाटंल तिथं हात वर कर." ती बोलू लागली की मी लगेच हात वर करायची. ती चिडायची. "अगं, ह्ये खरंय! मी खरंच पयली आलते शाळेत!" मी म्हणायची, "मग खऱ्यासारखं सांग." ती पुन्हा सांगायची. राधामावशी चुलीपुढून ऐकायची आणि म्हणायची, "कमे, सोडू नगंस तिला." चहा यायचा. हळूहळू मला शब्द सुटे सुटे ऐकू येऊ लागले, जसे धान्याच्या राशीत लांबून एकच रंग दिसतो आणि जवळ गेल्यावर दाणे दिसतात. घर कुठला, आई कुठला, आवडणं कुठला. नंतर सुनंदा मला खुर्चीवरून उठवून स्वतः बसायची आणि साधे साधे प्रश्न विचारायची. मी एका शब्दात उत्तर द्यायची, मग दोन. त्या भाषेत मला कुणी मुकी म्हणून ओळखत नव्हतं. एकदा मी तिला विचारलं, त्या दिवशी पडवीत वहिनीनं माझं नाव कशाला घेतलं होतं. सुनंदा म्हणाली, "ती म्हनाली, कमलला सगळं ठाऊक हाय, तरी तिनं सांगितलं न्हाई. तेवढ्यासाठी तरी मला खोटं बोलून जायचं न्हाई."

सुनंदाची मुलाखत झाली. तिला घेतलं. वस्तीत पेढे वाटले, आमच्याकडंही पुडा आला आणि आईनं त्यातला एक तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पायात चपला घालत होते. आई पडवीत बसली होती. "सुनंदाला घेतली म्हनं."

"व्हय."

"कवा जानार ती?"

"महिन्यानं."

"मग झाली की सावड फिटून."

मी चपलेचा पट्टा ओढत खाली बघत राहिले. मग म्हटलं, "न्हाई. अजून थोडी ऱ्हायलीय."

आईनं माझं तोंड वर करायला लावलं आणि बघत राहिली. आयुष्यभर माझ्याकडून दुसऱ्यांची तोंडं वाचून घेणारी ती, त्या दिवशी तिनं माझं वाचलं, अगदी सावकाश. मी नजर वर आढ्याला जाऊ दिली नाही.

"मग फेड," ती म्हणाली. "पन दिवेलागनीच्या आत घरी ये."